हिरव्या पाण्याची चव

अहो, ती परात मी शेवटी भंगारवाल्याला देऊन टाकली.

तुम्ही असता तर भांडला असता. पण परात माझी होती. आईने दिलेली, काठावर माझं नाव कोरलेली. एका रविवारी तुम्ही ती सरळ गाडीखाली सरकवलीत आणि तिच्यात इंजिनाचं काळं ऑइल काढलंत. वर साबणाने घासून, पुसून मांडणीवर होती तिथे ठेवूनही दिलीत. मी कणीक मळायला घेतली आणि नाकाला वास लागला म्हणून, नाहीतर त्या दिवशी आपण तिघांनी गाडीच्या पोळ्या खाल्ल्या असत्या. मी परात तुमच्या पुढ्यात आपटली तर तुम्ही ती नाकाशी धरून म्हणालात, "कशाचा वास येतोय तुला? लई स्वच्छ निघालीय की." तेव्हापासून परात गाडीची झाली आणि मी तिच्याकडे बघणंही सोडलं.

परवा तुमचं तेरावं झालं. आलेगेले सगळे गेले, रेणू पुण्याला नोकरीवर परत गेली. आता घरात मी आहे आणि दारात ती गाडी आहे. इतके दिवस जो येईल तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होता. देवमाणूस होते, हाताला कला होती, कुणाला कधी नाही म्हटलं नाही. मी माना डोलावल्या. पण घरात ज्याने तुमच्याबरोबर संसार केला त्याने तरी खरं बोलावं ना? मला तुमच्या त्या गाडीदुरुस्तीची शिसारी होती. तिचा वास, तिची चिंध्यांची गाठोडी, कुकरच्या जुन्या रिंगा, डबीत जपलेले गंजके स्क्रू, सगळ्याची. तुम्ही रविवारी बनियनवर बाहेर निघालात की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

मुळात ती गाडी धड जीप नाही, धड कार नाही. विकणाऱ्याने तिला क्रॉसओव्हर म्हटलं आणि तुम्हाला तो शब्द असा काही आवडला की महिनाभर येईल त्याला ऐकवत होतात. गावी नेली तेव्हा आबांनाही ऐकवलात. तुमच्या वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला काठी लावून पाहिली आणि म्हणाले, "म्हंजी खेचर हाय म्हन की." मी पदरात तोंड घालून हसले. तुम्हाला राग आला नाही. उलट गाडी हे जनावर आहे, हे बापाने मान्य केलं म्हणून तुम्ही खूश.

आबांनी जन्मभर मेंढरं राखली. तुम्ही शिकलात, कचेरीत लागलात, पुंडलिकनगरात घर बांधलंत, पण मेंढरं काही तुमच्यातून गेली नाहीत. आबा गेल्यावर वाटणीत तुम्ही मागितली ती त्यांची घोंगडी. मला वाटलं, आठवण म्हणून पेटीत ठेवाल. तुम्ही ती गाडीखाली अंथरलीत. आधीच तिला मेंढरांचा वास, त्यात डिझेल, ग्रीस आणि तुमचा घाम. मी ती धुवायला घेतली तर हातातून ओढून नेलीत. पावसाळ्यात ती व्हरांड्यात वाळत असायची तेव्हा मी पुढच्या दाराने घरात यायची नाही, मागून यायची.

आणि ते नेलपॉलिश. आबा मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचे, दुसऱ्याच्या कळपात गेली तरी आपली ओळखू यावी म्हणून. तुम्ही रेणूची लाल नेलपॉलिशची बाटली पळवलीत. नट आवळून झाला की त्याच्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून एक बारीक रेघ ओढायची. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर, रेघ मोडली की नट ढिला झाला. रेणू नवी बाटली मागायला लागली की तुम्ही तिला बॉनेट उघडून दाखवायचात, "बघ, समदी तुझ्या रंगाची हायेत." आत जिकडे तिकडे लाल रेघा. एक नियम मात्र तुम्ही कधी मोडला नाहीत. काम पुरं झाल्याशिवाय रेघ ओढायची नाही. "खोटी खूण लई वाईट, सुमन. तिच्यावर इश्वास ठेवून मानूस मरतो."

हे सगळं मी सोसलं. माझा चालू टूथब्रश तुम्ही बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा खार घासायला नेलात, तेही सोसलं. तुम्हाला तो जुना वाटला. मी सकाळी तोंडात घातला तेव्हा मला तो नवा वाटला नाही, एवढंच सांगते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीने पिल्लं घातली होती, ती गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं तुम्ही माझ्या शाळेच्या डब्यात भरून मोकळ्या मैदानात सोडून आलात. डबा परत आणलात. "पोळीच्या खनात ठेवली व्हती, भाजीचा खन चांगला हाय." त्या डब्याचं मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

पण चाखणं? ते माझ्याने कधीच सहन झालं नाही.

गाडीखाली थेंब दिसला की तुम्ही खाली बसायचात, थेंब बोटावर घ्यायचात आणि बोट जिभेला लावायचात. मग पचकन थुंकून निकाल द्यायचात. बेचव लागलं तर एसीचं पाणी, चिंता नाही. कडू लागलं तर ब्रेकचं ऑइल. आणि गोड लागलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी. तसं झालं तर गाडी जागची हलवायची नाही, नाहीतर इंजिन तापून जाम होतं. रस्त्यावर, पाहुण्यांसमोर, लग्नाच्या मांडवाबाहेर, तुम्हाला कशाचंच काही नाही. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई एकदा आपल्या गाडीने घरी यायच्या होत्या. नव्या साडीत उभ्या होत्या बिचाऱ्या. तुम्ही त्यांच्या पायाशी उकिडवे बसलात, बोट चाटलंत, थुंकलात आणि वर बघून म्हणालात, "पानी हाय मॅडम, बसा." दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

मी म्हणायची, हे काय रानटीपण? तुम्ही म्हणायचात, "मुकं जनावर हाय ते. त्याला कितीबी दुखलं तरी बोलता येत नाय. आबा मेंढीच्या तोंडाचा वास घ्यायचे, लेंडी बोटात चुरून बघायचे. मग कळायचं." मी म्हणायची, ती मेंढी आहे, ही गाडी आहे, तिला सर्व्हिस सेंटर आहे. "परक्याच्या हातात जनावर देत नसतात." हे आपलं ठरलेलं भांडण. रेणू फार्मसीला गेल्यावर तिनेही तुम्हाला झापलं, "पप्पा, कूलंट विष असतं. किडन्या जातात." तर म्हणालात, "मी काय पेला भरून पितोय व्हय? थुंकतो की." आणि ते विष ठेवलं होतंत कशात, तर वाळ्याच्या सरबताच्या बाटलीत. जाऊबाई कमल उन्हाळ्यात आली होती तेव्हा तिने ते ग्लासात ओतलं होतं, बर्फ टाकला होता. मी किंचाळले म्हणून वाचली. मग मी बाटलीवर कागद चिकटवून ठसठशीत लिहिलं, "विष". तुम्ही एवढंच म्हणालात की अक्षर छान आहे.

त्याच भांडणात एकदा तुम्ही बोट माझ्यापुढे धरलंत. "एकदा चाखून ठेव. मी नसल्यावर तुला कळायला नको?"

मी म्हटलं, "मी मेले तरी त्या घाणीला जीभ लावणार नाही."

तुम्ही बोट बनियनला पुसलंत आणि विषय तिथेच राहिला.

आता चांगलंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तरीण एका बाजूनेच पेपर तपासते. इतक्या वर्षांत ती गाडी आपल्याला घेऊन रस्त्यात कधी उभी राहिली नाही. बाकी कुणाच्याही गाडीत मी डोळा मिटत नाही, मूठ आवळून रस्ता बघत बसते. तुमच्या शेजारी बसले की गावच्या रस्त्याला, शहराच्या कडेचं हर्सूल यायच्या आत मला झोप लागायची. तुम्हाला वाटायचं, मला कंटाळा येतो. तसं नव्हतं हो. मला तिथे भीती वाटायची नाही. हे तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि रोज दहा गोष्टींवरून कटकट करताना हे एक तेवढं सांगायचं राहिलं.

त्या रविवारी तुम्ही रेडिएटरचा पाइप बदलत होतात. जुना पाइप कुजला होता, तो तुम्ही मला आणून दाखवलात, हातात मेलेला साप धरावा तसा. मी म्हटलं, लांब न्या. मग चहा झाला आणि मी हाक मारली. तुम्ही खालूनच ओरडलात, "एकच राहिलंय." मी पुन्हा हाक मारली, चहा गार होतोय म्हणून. आलात. हात काळेकुट्ट, तसेच बशीला लावलेत. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलात, अर्धा कप प्यायलात, कप खाली ठेवलात. मी रिकामा असेल म्हणून न्यायला आले तर त्यात चहा होता आणि तुम्ही नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. चहाला हाक मारणं हा काही गुन्हा नाही, हे मला कळतं. पण तेव्हापासून मला चहात साखर घालवत नाही.

तुम्हाला आंघोळ घातली तेव्हा नखांतलं काळं निघालं नाही. बाळू भाऊजींनी साबण लावला, मग रॉकेल लावलं, मग दगडाने घासायला लागले. मी म्हटलं, "पुरे आता. तसेच जाऊ द्या त्यांना." जन्मभर ज्या नखांचा मी तिरस्कार केला, ती कुणी घासलेली मला बघवेनात.

पुढचे दिवस मात्र किळस कशाला म्हणतात ते मला कळलं. तुमची परात त्यापुढे स्वच्छ होती. येणारा प्रत्येक जण आधी गाडीकडे बघायचा, मग माझ्याकडे. तुम्ही गाडीखाली सापडून गेलात अशी बातमी गल्लीत कुणी पसरवली कोण जाणे. कोपऱ्यावरचे दुकानदार चाचा आले, डोळे पुसत विचारलं, "भाभी, भाईसाब गाडी के नीचेच थे क्या?" नाही, खुर्चीवर होते म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर चक्क निराशा. एका बाईने माझ्या कपाळाचं कुंकू पुसता पुसता विचारलं की गाडी किती पळलीय. तुमचे कचेरीतले साहेब टायरला बुटाने ठोकून बघत होते. कावळे पिंडाला शिवायच्या आधी माणसंच गाडीला शिवून गेली.

भाऊजींची गोष्ट वेगळी, ते तुमचे धाकटे भाऊ. रडले ते खरंच रडले. पण रडून झाल्यावर म्हणाले, "वैनी, गाडी हुभी ऱ्हायली की सडती. तेराव्याला गावाकडं जाऊच, तवा ती तिकडंच ठिवतो. तुमाला कुठं चालवायचीय?" हर्सूलच्या तलावाकडच्या रस्त्यावर तुम्ही मला गाडी शिकवलीत हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला तेव्हा वाद घालायचं बळ नव्हतं. किल्ली त्यांच्या खिशात गेली. पाहुण्यांना नेणं-आणणं तेच करत होते.

तेराव्याच्या दिवशी सकाळी सगळे निघायला तयार. अजिंठ्याच्या अलीकडे आपलं गाव, गोडाचं जेवण तिथेच ठरलेलं. तोवर घरच्यांनी गोड तोंडात घालायचं नाही, हा रिवाज सगळ्यांनी पाळलेला. भाऊजी, कमल, त्यांच्या दोन मुली, रेणू आणि मी. भाऊजींनी गाडी थोडी पुढे घेतली आणि मला तिच्या जागी फरशीवर ओल दिसली. फरशी तुमच्या ऑइलने आधीच काळी, रंग कसला दिसणार?

मी म्हटलं, "भाऊजी, थांबा. काहीतरी गळतंय."

"एसीचं पानी हाय वैनी. काल लई लावला व्हता एसी. बसा, उशीर व्हतोय."

असेलही एसीचं, मला काय कळतंय. मी दाराला हात लावला आणि तुमचं ते वाक्य डोक्यात आलं. एकच राहिलंय. ओल नेमकी तुम्ही त्या दिवशी घोंगडी टाकली होतीत त्या बाजूला होती. पुढे चौक्याचा घाट, गाडीत तीन पोरी. आणि सांगणारं कुणी नाही. सांगणारा माणूस नखं काळी घेऊन निघून गेलेला.

मी खाली बसले. बोट टेकवलं. ते चिकट, काळं बोट तोंडाशी आणताना मला अशी उमळ आली की डोळ्यांत पाणी आलं. मागून रेणू ओरडली, "आई! काय करतेस?" तिला तुमची सवय माहीत होती, त्यामुळे ती सगळ्यात जास्त घाबरली. मी बोट जिभेच्या शेंड्याला लावलं.

आधी धूळ लागली. मग ऑइल. मग त्याच्या मागून, हळूच, गोड. कफाच्या औषधासारखं, शिळ्या पाकासारखं, घाणेरडं गोड.

मी गटारात थुंकले, पुन्हा थुंकले. रेणूने बाटलीभर पाण्याने चुळा भरायला लावल्या, सोबत शिव्या घातल्या आणि रडायलाही लागली. कमल तोंडाला पदर लावून उभी होती. तिला वाटलं असणार, दुःखाने वैनींच्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, "भाऊजी, कूलंट आहे. गाडी बंद करा."

"कशावरनं?"

"चवीवरून."

त्यांनीही आबांना मेंढीच्या तोंडाचा वास घेताना बघितलेलं. सरळ किल्ली काढून माझ्या हातात दिली.

बॉनेट उघडलं. सगळीकडे तुमच्या लाल रेघा, एकूण एक जागेवर. नव्या पाइपाच्या एका टोकाच्या क्लिपवर रेघ होती. दुसऱ्या टोकाच्या क्लिपवर नव्हती. ती तुम्ही हाताने बसवून ठेवली होतीत, स्क्रू आवळायचा राहिला होता. इतके दिवस तिने कसंबसं धरलं, आता तिथून थेंब थेंब गळत होतं. एवढंच राहिलं होतं. त्यासाठी तुम्हाला अर्धा कप चहा प्यायला लागला तेवढा वेळ पुरला असता.

स्क्रूड्रायव्हर तुमच्या घोंगडीतच गुंडाळलेला होता. मी नाक मुठीत धरून घोंगडी उलगडली आणि मग नाक सोडून दिलं, कारण तिला तुमचा वास येत होता. स्क्रू आवळला. तुम्ही करायचात तशी आणखी अर्धी पिळी दिली. 'विष' लिहिलेल्या बाटलीतलं हिरवं पाणी रेडिएटरच्या टाकीत खुणेपर्यंत भरलं. भाऊजींना गाडी चालू करायला लावली आणि गाडी तापेपर्यंत क्लिपकडे बघत उभी राहिले. कोरडी होती. मग रेणूने पिशवीतून नेलपॉलिश काढून दिलं आणि मी रेघ ओढली. ती तुमच्या रेघेसारखी बारीक नाही. जाडजूड आली आहे, आणि थोडं माझ्या बोटालाही लागलं. कमल म्हणाली, "वैनी, सुतकात लाल?" मी म्हटलं, "हे गाडीचं आहे."

मग मी चालवायच्या बाजूला जाऊन बसले. भाऊजींना म्हटलं, "तुम्ही तिकडून बसा." ते बसले. घाटात एकदा म्हणाले, "दादानं शिकवलं व्हय?" मी हो म्हटलं. इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष होतं, तो मधोमध होता. गाडी गावी ठेवायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी ती चालवतच परत आणली. आता दारात आहे, आणि आज सकाळी फरशी कोरडी होती, मी खाली बसून बघितली.

त्या दिवशी दुपारी गावी पंगत बसली. कमलने माझ्या पानात आधी बुंदी वाढली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी गोडाला हात लावणार नव्हतं. माझ्या नखांत काळं होतं, साबणाने निघालं नव्हतं.

"घ्या वैनी," ती म्हणाली, "गोड घ्या आता."

मी म्हटलं, "माझं झालंय सकाळी. तुम्ही घ्या."